देवी सापडली, सुईण कुठं आहे?

शाळेत आपल्याला जो इतिहास शिकवला त्यात राजे होते, लढाया होत्या, तहाची कलमं होती. बाळंतीण कुठंच नव्हती. जणू सगळे राजे आणि सगळं सैन्य दाढीमिशांसकट आभाळातून पडलं. बाळंतपण म्हणजे बायकांची बाब, अंधाऱ्या खोलीतली, विटाळाची. तिचा कसला इतिहास? असंच हे चालत आलं.

यात आपल्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इथल्या व्यवस्थेनं ज्या ज्या कामाला विटाळ ठरवलं, त्या त्या कामाचा इतिहासही लिहिला नाही. मेलेलं ढोर ओढणं, कातडं कमावणं, मैला वाहणं आणि बाळंतपण करणं. यांतलं एकही काम माहात्म्यात नाही, बखरीत नाही. लिहिणारे हात त्यांचे होते. पण मातीखाली जे गाडलं गेलं ते त्यांना पुसता आलं नाही. म्हणून मी या लेखात पोथी बाजूला ठेवतो आणि मातीकडं जातो. अक्षरं नव्हती, वेद नव्हते, मनू नव्हता, त्या काळात आई असणं म्हणजे काय होतं, याचा पुरावा आपल्याच खोऱ्यातल्या जमिनीत सापडला आहे. तो विद्वानांच्या इंग्रजी अहवालांत पडून आहे. तो आपल्या वस्तीत आणायचा आहे.

*

आपला परभणी जिल्हा गोदावरीचा. वर प्रवरा नदी प्रवरासंगमाला गोदावरीत मिळते. मग गोदावरी पैठणवरून उतरते आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा असं करत आपला जिल्हा ओलांडून नांदेडात शिरते. या पाण्याच्या वाटेवर तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची गावं होती. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं १९५०-५१ साली उत्खनन झालं आणि लाल रंगावर काळी नक्षी काढलेली भांडी सापडली. त्यावरून या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे हे नाव पडलं. नेवासे, दायमाबाद प्रवरेच्याच काठावर. पैठणजवळचं आपेगाव गोदावरीवर. आणि ज्या गावानं सगळ्यात जास्त सांगितलं ते इनामगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी.

इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी ही माणसं त्यात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढ्या काळाचं ते गाव. शंभरावर घरं उघडी झाली. कुडाच्या भिंती, सारवलेली जमीन, चुली, धान्याचे कणगे, पाटे-वरवंटे. मुख्य पीक जव. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या. म्हणजे आपल्यासारखीच कष्टकरी माणसं.

सरळ सांगतो, ते गाव म्हणजे काही समतेचा स्वर्ग नव्हता. मधोमध पाच खोल्यांचं एक मोठं घर होतं, त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. कुंभार, सोनार असे कारागीर गावाच्या कडेला. संशोधकांनी त्या मोठ्या घराला गावच्या मुख्याचं घर म्हटलं आहे. गावकुसाच्या राजकारणाची ही फार जुनी चाहूल आहे, असं मला वाटतं. तिला जात म्हणता येणार नाही, पण कोठार कुणाच्या दाराशी आहे ते पाहायची सवय आपल्याला असली पाहिजे.

*

आता मुख्य गोष्ट.

इनामगावात दोनशेहून जास्त दफनं मिळाली. त्यांतली बहुसंख्य लेकरांची. मेलेल्या लेकराला गावाबाहेर नेलेलं नाही. राहत्या घराची जमीन खणून, राखी रंगाची दोन मोठी गाडगी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात लेकरू ठेवायचं. शेजारी खाण्यापिण्याची एक-दोन छोटी भांडी. वरून माती, वरून सारवण. त्याच जमिनीवर मग आई परत चूल पेटवायची, भाकर करायची, पुढच्या लेकराला पाजायची. नेवाशातही अशीच गाडगी निघाली. तिथं एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्यामुळं आतला दोरा कुजला नाही, आणि तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम निघालं. ज्या काळी तांबं सहज मिळत नव्हतं त्या काळी कुणीतरी मेलेल्या लेकराच्या गळ्यातली माळ काढून घेतली नाही. तशीच राहू दिली.

प्रौढांची रीत वेगळी होती. त्यांना खड्ड्यात उताणं निजवायचे, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेला माणूस उठून चालत जाऊ नये, भूत होऊन फिरू नये, म्हणून पाय तोडत असावेत असं संशोधक म्हणतात. आणि गंमत बघा, त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक माणूस चार पायांच्या मातीच्या रांजणात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सापडला. त्याचे पाय शाबूत. मोठ्या घरातल्या माणसाला मेल्यावरही सवलत. तो रांजण पोटासारखा फुगीर आहे. मुख्यालासुद्धा शेवटी आईच्या पोटात परत जायचं होतं, असा त्याचा अर्थ लावतात.

लेकरांच्या दोन गाडग्यांचाही अर्थ असाच लावतात. गाडगं म्हणजे गर्भ. गर्भातून आलेलं गर्भात परत. हा अर्थ मला पटतो, पण पुरा पटत नाही. पुरणारी बाई काही प्रतीकशास्त्र करत नव्हती. तिला लेकरू लांब टाकवत नव्हतं, एवढंही कारण पुरेसं आहे. आपल्याकडं आजही तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सवर्णसुद्धा पुरतात. बाळाची वारही मडक्यात घालून परसात पुरायची रीत आपल्या गावांत कालपरवापर्यंत होती. हे कुठल्या पोथीनं शिकवलेलं नाही. पोथीच्या आधीचं आहे.

आणि लेकरं मरत किती होती हे समजायला आपल्याला इनामगावाला जायची गरज नाही. भीमाबाईंना चौदा अपत्यं झाली. बाबासाहेब चौदावे. त्यांतली पाच जगली. रमाईनं पाच लेकरांना जन्म दिला. यशवंत राहिला. गंगाधर, रमेश, इंदू गेली, आणि १९२६ साली राजरत्न गेला. ही काही तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट नाही. म्हणून त्या गाडग्यांकडं बघताना 'प्राचीन मानवाच्या श्रद्धा' असं म्हणून वही मिटवू नका. ही रमाईचीच गोष्ट आहे, फक्त जुनी.

*

आपल्याकडं म्हणतात, पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते. म्हणून पाटा-वरवंटा पुजतात, दिवा ठेवतात, कुठं कुठं लिहायला कोरा कागद आणि लेखणीसुद्धा ठेवतात. वस्तीतलं लेकरू उपाशी राहिलं तर, "सटवाईनंच तसं लिहिलं, बाबा." ढोरं राखायला गेलं तर सटवाईनंच लिहिलं. आपल्या हजारो वर्षांच्या गुलामगिरीची सही या बाईच्या नावानं घेतलेली आहे.

आता विज्ञान काय म्हणतं ते ऐका. लिखाण असतं, पण ते कपाळावर नसतं. दातावर असतं. दुधाचे दात आईच्या पोटातच घडायला लागतात. त्यांच्यावर रोज थरावर थर चढतो, झाडाच्या वाढीसारखा. जन्माच्या धक्क्यानं त्यात एक स्पष्ट रेष उमटते. त्या रेषेच्या आतलं सगळं आईच्या पोटातलं, बाहेरचं सगळं या जगातलं. मध्येच लेकरू आजारी पडलं, उपाशी राहिलं, तर दातावरच्या लुकणाची घडण बिघडते. तिथं खाच पडते, खळगा राहतो. तो खळगा पुढं कधी भरून येत नाही. तीन हजार वर्षांनीसुद्धा वाचता येतो.

जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या लेकरांचे दात तपासले. त्यांना दुधाच्या सुळ्यांवर अशा खळग्यांच्या खुणा मिळाल्या. ग्वेन रॉबिन्स शुग या बाईंनी नेवासे, दायमाबाद, इनामगाव इथल्या लेकरांची हाडं मोजली आणि २०११ साली त्यावर पुस्तक काढलं. इनामगावच्या शेवटच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर, मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती मोडकळीला आली, शिकारीवरचा भर वाढला. त्या काळातल्या लेकरांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांच्या हाडांत दिसतात. कोठार रिकामं झालं की त्याची पहिली नोंद लेकराच्या हाडात होते.

मित्रांनो, यातला मुद्दा नीट पकडा. कपाळावरचं नशीब बदलता येत नाही म्हणून तुम्ही गप्प बसता. दातावरचा खळगा मात्र सांगतो, या लेकराला अमुक महिन्यात खायला मिळालं नव्हतं. मग सवाल उभा राहतो, का मिळालं नव्हतं? धान्य कुठं होतं? सटवाईचं लिखाण सवाल बंद करतं आणि दाताचं लिखाण सवाल सुरू करतं. आपल्याला दुसरं लिखाण वाचायला शिकायचं आहे.

*

आता देवीकडं येऊ. कारण आईचा विषय काढला की विद्वानांना पहिली देवीच आठवते.

इनामगावातच एका घराच्या जमिनीखाली मातीची एक लांबट पेटी पुरलेली मिळाली. काळ इसवी सनापूर्वी १३०० च्या आसपास. पेटीत मातीची बाई, भरल्या छातीची, पण मुंडकं नसलेली. सोबत मातीचा बैल. बाईच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी घातली की बाई बैलावर बसते. पेटीच्या झाकणावर आणखी एक बाई, तिला मात्र डोकं. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. म्हणजे मूर्ती टिकवायची नव्हतीच. काम झालं की पुरून टाकायची. बाळंतपणाच्या किंवा लेकराच्या रक्षणाच्या विधीसाठी ती केली असावी, असा संशोधकांचा तर्क आहे.

पुढं सातवाहनांच्या आणि नंतरच्या काळात अशीच मुंडकं नसलेली, पाय फाकवून उताणी पडलेली देवी दगडात आणि भाजक्या मातीत दिसते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तशा मूर्ती मिळाल्या. डोक्याच्या जागी कमळ. तिला लज्जागौरी म्हणतात. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ साली तिच्यावर पुस्तकच लिहिलं. तिची बसण्याची तऱ्हा बाळंतिणीची आहे. नावात मात्र लज्जा घातली. जन्म देणारी बाई दिसली की कुणाला तरी लाज वाटतेच!

जगभर हेच आहे. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली बोटभर उंचीची एक जाडजूड बाई सापडली, पंचवीस-तीस हजार वर्षांपूर्वीची. तिलाही चेहरा नाही. आणि जिथं म्हणून बाईची मातीची बाहुली मिळाली तिथं विद्वानांनी 'मातृदेवता' अशी चिठ्ठी लावली. १९६८ साली पीटर उको या अभ्यासकानं विचारलं, प्रत्येक बाहुली देवीच कशावरून? काही लेकरांची खेळणी नसतील कशावरून? सवाल बरोबर होता.

आपल्या चळवळीतही दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, पूर्वी स्त्रीराज्य होतं, सगळ्या मालकिणी आयाच होत्या, मग बाहेरून कुणी आलं आणि सगळं बुडालं. युरोपात बाखोफेननं १८६१ साली आईच्या सत्तेचा सिद्धांत मांडला, एंगल्सनं १८८४ साली तो उचलला. आपल्याकडं शरद पाटलांनी दास-शूद्रांच्या गुलामगिरीचा शोध घेताना त्याची स्वतंत्र मांडणी केली. हे सगळं वाचलं पाहिजे, त्यातून सवाल विचारायची ताकद येते. पण इनामगावच्या मातीतून स्त्रीराज्य निघालेलं नाही. कोठाराशेजारच्या रांजणात बसलेला पुरुष निघाला आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक १९४६ साली काढलं, त्यात आर्य वंशाच्या सोप्या सिद्धांताला पुराव्यानं धक्का दिला. आपल्या सोयीचा सिद्धांत असला तरी त्याचा पुरावा तपासायचा, हा त्यांचा धडा आहे.

दुसरं टोक ब्राह्मणी. आई म्हणजे देवता, आई म्हणजे त्याग. एकदा देवता म्हटलं की तिला मजुरी द्यायची गरज नाही, विश्रांती द्यायची गरज नाही, डोकं द्यायची तर अजिबातच नाही.

मला या दोन्हींच्या मधली एक साधी गोष्ट विचारायची आहे. देवी सापडली. लेकरू सापडलं. नाळ कापणारी कुठं आहे?

*

ही काही भावनेची बाब नाही, शरीरशास्त्राची आहे. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि कंबरेची हाडं आवळली. पुढं लेकराचं डोकं मोठं झालं. त्यामुळं लेकराला वळसे घेत बाहेर यावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते आईच्या पाठीकडं तोंड करून बाहेर येतं. आईनं स्वतः हात घालून ओढलं तर त्याची मान उलटी मुरगळायची भीती. केरन रोझेनबर्ग आणि वेंडा ट्रेव्हाथन या दोघींनी हे मांडलं आणि त्यातून निष्कर्ष काढला, की बाळंतपणाला दुसरीचा हात लागणं ही माणसाची फार जुनी गरज आहे. बहुतेक प्राणी एकांत शोधून वितात. माणसाची बाई हाक मारते.

म्हणजे बघा. राजाच्या आधी, पुरोहिताच्या आधी, कुंभाराच्या चाकाच्या आणि नांगराच्या आधी सुईण आहे. माणसाच्या सगळ्यात जुन्या धंद्यांत तिचा धंदा मोडतो. इनामगावच्या त्या कच्च्या मातीच्या देवीपुढं कुणीतरी एक बाई गुडघ्यावर बसलेली होती, बाह्या मागं सारून. ती मातीत सापडत नाही, कारण हातांचं कसब पुरता येत नाही.

आता आपल्या गावात या. मराठवाड्यात बाळंतपण करायला कोण यायचं? बहुतेक गावांत मांगवाड्यातली म्हातारी, कुठं महारवाड्यातली. आमच्या वस्तीतल्या कितीतरी जणांचा जन्म मातंग वस्तीतल्या एकाच म्हातारीच्या हातावर झाला. माझाही. पाटलाच्या वाड्यावरून रातीबेराती तिला बोलावणं यायचं. एरवी ओसरीची पायरी चढू न देणारी माणसं त्या रात्री तिला आतल्या खोलीत नेत. लेकरू आडवं आलं तर पोटावरून हात फिरवून ती सरळ करायची. पायाळू आलं तर घाबरायची नाही. नाळ कापायची, वार पडेपर्यंत बसून राहायची, वार मडक्यात घालून पुरायची. पाच-दहा दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालायची. मग पायलीभर जवारी, एखादं जुनेर, आणि काम संपलं. ती गेली की घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं. पाटलाच्या वारसाला या जगात पहिला स्पर्श झाला तो अस्पृश्य हाताचा, आणि बाराव्या दिवशी त्याचं नाव ठेवताना तो हात वाड्याच्या बाहेर!

मी तिला एकदा विचारलं होतं, "आजी, तू देवीचं नाव घ्यायचीस का गं त्या वक्ताला?"

ती म्हणाली, "घ्यायची की. समदेच घेत्यात. पर लेकरू अडलं तवा देवीनं काय केलं, बाबा? हात तर माझाच व्हता."

इतिहासाचं एवढं नेमकं वाक्य मला कुठल्या ग्रंथात मिळालं नाही.

आपण बौद्ध आहोत, तर आणखी एक गोष्ट. गांधार शिल्पांत सिद्धार्थाच्या जन्माचा देखावा आहे. महामाया झाडाची फांदी धरून उभी. बहीण महाप्रजापती तिला धरून उभी. आणि लेकरू झेलायला कोण? इंद्र! सुईणीची जागा देवानं घेतली. पण प्रजापतीला मात्र शिल्पकारांनी काढून टाकलं नाही. तिचा हात बहिणीच्या अंगाला लागलेला आहे. महामाया सातव्या दिवशी गेली. बाळंतपणात बाया मरतात, राजवाड्यातही मरतात. सिद्धार्थाला वाढवलं गौतमीनं. म्हणजे आपल्या धम्माच्या इतिहासात आई एक नाही, दोन आहेत. जन्म देणारी आणि वाढवणारी. आईपण एकटीच्या पोटात मावत नाही, ते अनेकींच्या हातांत असतं. अभ्यासकही आज हेच सांगतात. आफ्रिकेतल्या हाड्झा या शिकारी लोकांत म्हाताऱ्या बाया कंदमुळं खणून नातवंडांना पोसतात, हे क्रिस्टन हॉक्स यांनी दाखवून दिलं. माणूस टिकला त्यात या म्हाताऱ्यांचा वाटा आहे. पुरुष शिकार करून आणायचा आणि बाई गुहेत वाट बघायची, ही गोष्ट अर्धीमुर्धीच आहे.

*

गुहेत वाट बघायला तिला वेळच नव्हता. २०१७ साली मध्य युरोपातल्या जुन्या शेतकरी बायांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायांच्या दंडाची हाडं आजच्या केंब्रिज विद्यापीठातल्या होडी वल्हवणाऱ्या खेळाडू पोरींपेक्षा मजबूत निघाली. कशानं? रोज तासन् तास पाट्यावर धान्य रगडून, जमीन खणून. इनामगावातही पाटे-वरवंटे मिळाले. फिरतं जातं पुढं आलं. आपल्या गंगाखेडची जनाबाई जात्यावर बसली, त्याच्या आधी हजारो वर्षं बाया पाट्यापुढं गुडघे टेकून बसल्या होत्या. पोटात लेकरू असताना बसल्या, पाठीशी लेकरू बांधून बसल्या. आईची मूर्ती सगळ्यांनी जपली, तिचा दंड कुणी बघितला नाही.

आणि हाडाला न दिसणारंही काही असतं. गर्भाशय मातीत टिकत नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांची गर्भाशयं काढून टाकल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीमुळं, दुखण्यामुळं खाडा पडतो. खाडा पडला की मुकादमाचा दंड. म्हणून मूळच काढून टाकायचं. परभणी जिल्ह्यातूनही कोयते दरसाल जातात. या बायांमध्ये आपल्या किती, ते तुम्हाला सांगायला नको. उद्या तीन हजार वर्षांनी कुणी आपली पांढर खणली तर या बायांचे झिजलेले मणके सापडतील, गर्भाशय गेलेलं सापडणार नाही. म्हणून त्याची नोंद आज झाली पाहिजे. मातीच्या भरवशावर राहून चालणार नाही.

बाबासाहेबांनी आईला देवी म्हणून हार घातला नाही. त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार मालकानं आणि सरकारनं उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाच्या वतीनं रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. मूल कधी हवं, किती हवीत, हे बाईच्या हातात असावं, ही गोष्ट त्या काळी बऱ्याच पुढाऱ्यांना ऐकवत नव्हती. आज कायद्यात २६ आठवड्यांची रजा आहे. उसाच्या फडात ती किती आठवडे पोचते, हे थळावर जाऊन विचारा.

*

एक आडवा सवाल येणार, तो मीच घेतो. गावकीची कामं सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. मग सुईणपणाचा गौरव कशाला? तेही जातीनं लादलेलंच काम.

बरोबर आहे. त्यातली बेगार लादलेली होती, विटाळ लादलेला होता, पायलीभर जवारीवर बोळवण लादलेली होती. ती झुगारलीच पाहिजे. आता दवाखाने आहेत, बायांनी तिथंच बाळंत व्हावं, याबद्दल दुमत नाही. पण कसब त्यांनी दिलेलं नव्हतं. कसब जातिव्यवस्थेच्या कितीतरी हजार वर्षं आधीचं आहे. जातीनं ते एका वाड्यात कोंडलं आणि त्याला घाणेरडं नाव दिलं. बेगार त्यांची, ती त्यांना परत करा. विद्या आपल्या म्हाताऱ्यांची आहे, ती सोडू नका.

तर कार्यकर्त्या मित्रांनो, दोन कामं करा.

पहिलं. आपापल्या तालुक्यात ज्या म्हाताऱ्या सुईणी अजून हयात आहेत त्यांच्याकडं वही घेऊन जा. मातंग वस्तीत जा, बौद्ध वाड्यात जा, वडार-कैकाड्यांच्या पालावर जा. आडवं लेकरू कसं वळवायच्या, अडलेलं कसं ओळखायच्या, काय मिळायचं, कुठल्या दारानं आत घ्यायचे आणि कुठल्या दारानं बाहेर काढायचे, हे त्यांच्याच बोलीत उतरवा. शुद्धलेखन बघू नका. त्यांतली एकेक जण गेली की एकेक गाव जळल्यासारखं आहे.

दुसरं. आपल्या प्रत्येक जुन्या गावाला पांढरीचं टेकाड असतं. लोक ती माती खत म्हणून शेतात नेतात, विटांना नेतात. खणताना जुनी खापरं निघाली, मणी निघाले, तोंडाला तोंड लावलेली गाडगी निघाली, तर फोडू नका. सोन्याची आशा धरू नका. जागेचा फोटो काढा, तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा, पोच घ्या. त्या गाडग्यात धन नाही. त्यात एखाद्या आईनं चुलीशेजारी ठेवलेलं लेकरू असेल, आणि त्याच्या दातावर त्या वर्षीच्या भुकेचा हिशोब असेल. तो हिशोब वाचणारी पोरं-पोरी आपल्या वस्तीतून निघाली पाहिजेत. पुरातत्त्व शिका, हाडांचं शास्त्र शिका. आजवर आपण नुसते खड्डे खणले, आता खड्ड्यात काय निघालं ते लिहिणारेही आपणच होऊ.

जयभीम.